फर्स्ट कॉपी बूट आणि कपडे : पैसे देण्याआधी नेमकं काय तपासायचं? (नागपूर)

निखिल_मनीषनगर

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला ‘पांडा’ पाहिजेत, म्हणजे नाइकीचे ते काळे-पांढरे डंक. ओरिजिनल आठ हजारांच्या घरात, आणि आईने मंजूर केले अडीच. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, विचारून आलो. एक म्हणते सेव्हन ए, दुसरा म्हणते टेन ए, तिसऱ्याकडे ‘मास्टर’. इन्स्टावरचा एक जण तर म्हणते, ‘यूए आहे भाऊ, त्याच कंपनीतून निघते, फक्त बिल नाही भेटत.’ दिसायला सगळे सारखे, भाव मात्र अकराशेपासून बेचाळीसशेपर्यंत.

खरा की खोटा हा प्रश्नच नाही. खोटा आहे हे दुकानदार स्वतःच सांगून राहिला. खोट्यातला धड कोणता आणि फालतू कोणता, हे बूट हातात घेऊन कसं ओळखायचं तेवढं सांगा. सोबत ओव्हरसाइज टी-शर्ट आणि हुडीचंही सांगा. साहेबांची यादी लांब आहे.

तर्री_मारके

यादी लांब आहे तर साहेबांना आधी कामाला लावा. बाकी वाचून राहिलो.

ऋग्वेद_आर

निखिल, आधी त्या ए-बी-सीचा विषय संपवू. सेव्हन ए, टेन ए, मास्टर, मिरर, यूए हे दर्जे कुठल्याच संस्थेने ठरवलेले नाहीत. विकणाऱ्याच्या तोंडचे शब्द आहेत. पूर्वी ‘ट्रिपल ए’ म्हटलं की गिऱ्हाईक खूश व्हायचं. मग सगळ्यांचाच माल ट्रिपल ए झाला आणि आकडा चढत गेला. एकाच गोडाऊनचा लॉट एका दुकानात सेव्हन ए आणि शेजारच्या दुकानात टेन ए होऊ शकतो, अडवणारं कोणी नाही.

यूए म्हणजे ‘अनऑथराइज्ड ऑथेंटिक’. कंपनीच्याच कारखान्यातून मागच्या दाराने निघालेला माल, अशी ती कथा. तिला थोडा इतिहास आहे. चीनच्या फुजियान प्रांतात पुतियान नावाचं शहर आहे. १९८० च्या दशकापासून तिथे परदेशी ब्रँडचे बूट कंत्राटावर बनायला लागले. कारागीर तयार झाले, साचे बनवणारे तयार झाले, आणि त्याच कौशल्यावर नकलेचा धंदा उभा राहिला. म्हणून काही कॉपी खरोखर चांगल्या असतात. पण बर्डीवरच्या किंवा इन्स्टावरच्या माणसाच्या हातात आलेला जोड तिथूनच आला याला पुरावा काय? शून्य. दिल्लीचा टँक रोड आणि मुंबईचं हिरा पन्ना ही दोन्ही नावं नकली मालासाठी बदनाम बाजारांच्या अमेरिकी सरकारच्या यादीत येऊन गेलेली आहेत, आपल्याकडचा बराच माल अशाच बाजारांतून फिरून येतो.

वरवरच्या तपासण्या दोनच सांगतो.

टॅग. डंक हा मूळ १९८५ चा बास्केटबॉलचा बूट, पांडा रंग आला २०२१ मध्ये. पुरुषांच्या पांडाचा कोड डीडी१३९१-१००. खोक्यावरचा कोड आणि बुटाच्या आतल्या टॅगवरचा कोड एकच पाहिजे. कोड बरोबर असला म्हणून काहीच सिद्ध होत नाही, तो छापायला अक्कल लागत नाही. पण चुकला असेल, किंवा खोक्यावर एक आणि आत दुसराच असेल, तर बनवणाऱ्याने बाकी किती लक्ष दिलं असेल ते समजून घ्या. आदिदासमध्ये एक मजा आहे. त्यांच्या मोठ्यांच्या बुटांचा युरोपी नंबर तिसऱ्या हिश्शाने वाढतो : ४०, मग ४० २/३, मग ४१ १/३, मग ४२. त्यांचं सांबा किंवा सुपरस्टार मॉडेल दाखवून टॅगवर सरळ ‘युरो ४१’ किंवा ‘४३’ लिहिलेलं असेल तर बनवणाऱ्याने खरा टॅग उघडून पाहिलेलासुद्धा नाही.

दुसरं म्हणजे डावा-उजवा शेजारी ठेवून मागून बघा. दोन्ही टाचा एका उंचीच्या आहेत का, दोन्हीकडचा स्वूश (नाइकीची ती बाकदार खूण) एकाच जागी संपतो का, पुढची भोकं एका ओळीत आहेत का. फोटोशी ताडून बघत बसण्यापेक्षा जोडीतल्या दोघांना एकमेकांशी ताडा. घाईत बनलेला माल इथेच उघडा पडतो.

आणि हो, खऱ्या पांडाच्या लेदरवरही जाड कोटिंगच असतं. ‘सॉफ्ट लेदर आहे बघा’ म्हणून कोणी मऊ जोड पुढे केला तर हुरळून जाऊ नका.

रिपेरवाला_महाल

नमस्कार. महालात आमचं बूट-चपलांच्या रिपेरिंगचं दुकान आहे, वडिलांपासून. कॉपीचे जोड रोजच उघडतो. वरून काय दिसते ते ऋग्वेदभाऊने सांगितलं, आतून काय निघते ते मी सांगतो.

दुकानात गेले की पहिले पाताबा, म्हणजे पायाखालचा आतला सुटा तळ, उचला. दुकानदार ‘चिकटवलेला आहे, निघत नाही’ म्हणाला तर तो जोड तिथेच ठेवा. खाली दोन गोष्टी दिसू शकतात. एक, कापडासारखा तळ आणि त्याच्या कडेने गोल फिरलेली शिलाई. म्हणजे अप्पर (बुटाचा वरचा भाग) तळाला शिवलं आहे. हे चांगलं. दुसरं, पुठ्ठा. अप्पर आत वळवून पुठ्ठ्याला चिकटवलं आणि वरून सोल दाबला. कोरड्यात दोन्ही सारखेच चालतात. जुलैत रस्त्यावरच्या घोटाभर पाण्यातून एकदा घरी या, मग फरक कळते. पुठ्ठा फुगते, वाळला की पापडासारखा वाकडा होते, आणि त्याच्यासोबत सोल सुटते. चांगल्या बुटातही टाचेखाली कडक बोर्ड असते, त्याला घाबरू नका. पण पंजाखाली, जिथे बूट वाकते तिथे, पुठ्ठा नको.

आता सोलची बाजूची शिलाई. डंक, एअर फोर्स असले बूट वाटीसारख्या सोलचे असतात. सोल वरपर्यंत चढते आणि कडेने शिवलेलं राहते. कॉपीत बहुतेक वेळा ही शिलाई नुसती दाखवायची. कधी साच्यातच टाक्यांचे ठसे असतात, कधी सोल वेगळं शिवून नंतर चिकटवते. पाताबा काढलाच आहे तर आतून कडेला बोट फिरवा. टाका आरपार असेल तर दोरा बोटाला लागते. नाही लागला तर सगळा भार सुलेशनवर, म्हणजे चिकटवायच्या गोंदावर, आहे असं धरा.

मग पिळा. एक हात टाचेला, एक पंजाला, आणि ओला टॉवेल पिळता तसा पीळ द्या. थोडा विरोध केला पाहिजे. वाकवून पाहा, पंजाच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध कमानीत दुमडला तर ठेवून द्या, त्याच्यात काही जीव नाही. टाचेच्या मागच्या भिंतीला अंगठ्याने दाबा. कडक पाहिजे. स्वस्तात तिथे पातळ पुठ्ठा किंवा नुसता फोम टाकून देतात, महिनाभरात टाच बसते आणि बूट एका बाजूला झुकते. दुकानात कोणी हे पाहत नाही, सगळे नाडीचा रंग पाहतात.

वाकवल्यावर वरच्या चामड्याकडे पाहा. बारीक बारीक सुरकुत्या पडून परत सरळ झाल्या तर ठीक. एकच खोल रेघ पडली आणि रेघेत पांढरं दिसलं तर ते रेक्झिनचं पातळ कोटिंग आहे, तिथूनच फाटते.

आता सुलेशन, कारण नागपुरात अर्धे बूट याच्यावरून मरतात. खिशातलं व्हिजिटिंग कार्ड काढा आणि सोल-अप्परच्या फटीत हळूच सरकवून पाहा, पुढे पंज्यापाशी आणि दोन्ही बाजूला. कार्ड कुठेही घुसलं तर नको. सोलपासून वर पिवळे डाग, ओघळ दिसले तर ब्रश फिरवणाऱ्याला घाई होती. वास जोरात येत असेल तर ताजा चिकटवलेला आहे. पण वास नाही म्हणून चांगला, असंही नाही.

फॅक्टरीत काय करतात, की फोमच्या सोलला आधी प्रायमर लावते. ईव्हीए फोमवर सुलेशन असंच पकडत नाही, त्याचा वरचा थर आधी तयार करावा लागते. मग पीयूचं (पॉलियुरेथेनचं) सुलेशन लावून वाळवते, गरम करून परत जागं करते आणि प्रेसमध्ये दाबते. स्वस्त मालात प्रायमर गाळते आणि निओप्रीनचं, म्हणजे एका रबराचं, साधं सुलेशन मारते. सोल पीव्हीसी प्लास्टिकचं असेल तर त्याच्यातलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येऊन हे सुलेशन सोडवते. आणि निओप्रीन गरमीत लवकर ढिलं पडते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास. तुम्ही बूट गाडीच्या डिकीत ठेवून दुपारभर ऑफिसात बसले, तर आत किती होत असेल? संध्याकाळी सोल तोंड उघडून बसते. असा जोड घेऊन लोक आमच्याकडे येतात आणि म्हणतात, ‘दोनदाच घातला हो!’

दोनदाच घातला असेल. डिकीत मात्र रोज होता.

तर्री_मारके

भाऊ, माझ्या डिकीत आत्ता एक जोड आहे. उठून आणतो.

निखिल_मनीषनगर

रिपेरवाले काका, हे सोनं आहे. सोल पीव्हीसीचं की रबरचं, हे दुकानात कसं ओळखायचं?

रिपेरवाला_महाल

काका नको, भाऊ चालते. पीव्हीसी जड असते, चकाकते, आणि प्लास्टिकच्या नव्या बादलीचा वास मारते. ओल्या फरशीवर घसरते, ते दुकानात पाहता येत नाही, पण दुकानाच्या गुळगुळीत टाइल्सवर पाय घासून पाहा. रबर पकडते. फोमच्या सोलला नख दाबा, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. तसाच राहिला तर तो फोम काही दिवसात चपटा होणार.

फिजिओ_प्रिया

रोजच्या कामात जे पाहते ते सांगते. मानकापूर, रेशीमबागच्या मैदानांवर सकाळी पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. त्यातल्या कित्येकांच्या पायात मोठ्या ब्रँडच्या रनिंग शूजची कॉपी असते आणि नडगीचं किंवा टाचेचं दुखणं घेऊन ते आमच्याकडे येतात. दुखण्याला इतरही कारणं असतात : एकदम वाढवलेलं अंतर, डांबरी रस्ता, पुरेशी विश्रांती नसणं. पण बूट हातात घेतला की टाचेची भिंत दबलेली आणि फोम एका बाजूला बसलेला दिसतो.

रनिंग शूची किंमत दिसण्यात नसते, फोममध्ये असते. आदिदासचं बूस्ट घ्या. ते २०१३ मध्ये बाजारात आलं. रसायनं बनवणाऱ्या बीएएसएफ कंपनीबरोबर तयार केलेले टीपीयू प्लास्टिकचे फुगवलेले दाणे एकत्र जोडून तो सोल बनतो. बऱ्याच कॉपीत साध्या ईव्हीएवर दाण्यांची नक्षी उमटवलेली असते. फोटोत फरक दिसत नाही, गुडघ्याला कळतो.

कॉलेजात, लग्नात मिरवायला कॉपी घ्यायची तर तुमची मर्जी. धावायला नको. निखिल, भाऊ ते डंक घालून जिममध्ये ट्रेडमिलवर चढणार नाही एवढं बघा. खरा डंकसुद्धा धावायचा बूट नाही.

ॲड_खामला

नैतिकतेवर भाषण देत नाही, फक्त कायदा. ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९ ची कलम १०३ आणि १०४ ही खोटा ट्रेडमार्क लावणाऱ्यावर आणि तसा माल विकणाऱ्यावर, विकण्यासाठी जवळ ठेवणाऱ्यावर आहेत. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, दंड पन्नास हजार ते दोन लाख. स्वतः घालण्यासाठी घेणारा हा या कलमांचा रोख नाही. पण हल्ली कॉलेजची मुलं पाच जोड मागवून हॉस्टेलमध्ये तीनशे-चारशे रुपये चढवून विकतात. ती मुलं ‘विकणारा’ होतात, याची त्यांना कल्पना नसते.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. कॉपी कॉपी म्हणून घेणं वेगळं, आणि ‘ओरिजिनल आहे, घातला नाही, साइज चुकली म्हणून विकतोय’ असं सांगून गळ्यात मारलेली कॉपी वेगळी. तिथे फसवणूक आहे. ओरिजिनलच्या भावात घेत असाल तर बिल मागा. महाराष्ट्रातल्या विक्रेत्याचा जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा आणि २७ ने सुरू होणारा असतो. जीएसटी पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव येतं, बिलावरच्या नावाशी जुळतं का बघा. खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं किंवा उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा नंबर हे सगळं कायद्याने छापलेलं लागतं. नुसतं डॉलरमध्ये किंमत लिहिलेलं खोकं दाखवून ‘यूएसवरून आणलं’ म्हणणाऱ्याकडून आणणाऱ्याचं बिल मागा. तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे कॉपीवाल्याकडून घेतला अन् दोन दिवसात फाटला तर १९१५ वर फोन करायचा का? ‘साहेब, माझा खोटा बूट खोटा निघाला’?

ॲड_खामला

तक्रार लिहिताना ‘बिल जोडावे’ या ओळीपाशी तुमचं काम थांबेल. कॉपीच्या व्यवहारात पैसे देण्याआधी जे तपासलं तेवढंच तुमचं, नंतर हातात काही राहत नाही. म्हणून तर रिपेरवाल्या भाऊंचा प्रतिसाद मी सेव्ह करून ठेवला.

शोभा_इमामवाडा

कपड्यांचं कोणीच लिहीत नाही म्हणून मी लिहिते. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. १८७७ ची मिल ती, जमशेटजी टाटांची. आता तिथे मॉल आहे आणि मॉलमधले कपडे पाहून वडील काय म्हणाले असते ते मी इथे लिहू शकत नाही. कापड हातात आलं की ते आधी उजेडाकडे धरायचे. ती सवय मला लागली.

टी-शर्ट उलटा करा आणि एक थर उजेडाकडे धरा. सूत सारखं असेल तर उजेड सारखा झिरपतो. कुठे जाड गाठी, कुठे विरळ पट्टे, म्हणजे सूत हलकं. मग दोन्ही हातांनी आडवा ताणून सोडा. लगेच मूळ जागी आला पाहिजे. गळ्याची रिब, म्हणजे काठाची ताणणारी पट्टी, तशीच ताणून सोडा. ती लाटेसारखी राहिली तर दोन धुण्यांत गळा लोंबेल.

होजियरीत विणीच्या उभ्या रेघा असतात, जवळून पाहिल्या की दिसतात. त्या बाजूच्या शिवणीला समांतर आहेत का बघा. रेघ तिरकी जात असेल तर धुतल्यावर शिवण पोटावर फिरून येते. सुताच्या पिळामुळे कापड वळतं. चांगला कारखाना ते आधीच बसवून घेतो, घाईवाला नाही. ही गोष्ट इस्त्री केलेल्या घडीत लपते, म्हणून घडी उघडायला लावा. दुकानदाराचा चेहरा पडला तरी चालेल.

काळी हुडी किंवा गडद टी-शर्ट असेल तर पांढरा रुमाल थोडा ओला करून आतल्या बाजूला जोरात घासा. रुमालावर रंग उतरला तर तुमच्या बाकीच्या कपड्यांचीही काळजी करा. कापडाचे दोन भाग एकमेकांवर चोळले आणि लगेच बोंदऱ्या, म्हणजे बारीक गोळे, आल्या तर आखूड धाग्याचं सूत.

‘शंभर टक्के कॉटन’ची खात्री घरी करता येते. आतल्या शिवणीतून एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, राखाडी भुरभुरीत राख राहते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक काळी गोळी राहते. मुलांना हे काम फार आवडतं, म्हणून समोर बसून करवून घ्या.

किशोर_जरीपटका

ताई, तुमच्यासारखं गिऱ्हाईक दुकानात आलं की मी पोराला चहा सांगायला पाठवतो आणि स्वतः काउंटरवर येतो. रेडिमेडचा धंदा आहे आमचा, म्हणून धंद्याच्या बाजूने थोडं सांगतो.

ओव्हरसाइजमध्ये आजकाल सगळे जीएसएम सांगतात. म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. साधा टी-शर्ट १६० ते १८०, ओव्हरसाइज २२० ते २४०, हुडी तीनशेच्या वर. बोलायला पैसे पडत नाहीत, म्हणून १८० चा माल २४० म्हणून विकला जातो. व्यापाऱ्याकडे गोल कटर असतो, १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापून वजन केलं आणि शंभराने गुणलं की जीएसएम निघतो. तुम्ही नवा टी-शर्ट कापणार नाही, तर किचनचा वजनकाटा घ्या. २४० चा ओव्हरसाइज एल साइज पाव किलोच्या वर भरायला पाहिजे. दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम भरला तर कोणीतरी गंमत केली आहे. ऑनलाइनवाल्याला सरळ सांगा, काट्यावर ठेवून फोटो टाक. निम्मे तिथेच गप होतात.

शिलाईत दोन जागा पाहा. खांद्यावर आतून पट्टी लावली आहे का, आणि खालच्या घडीला दुहेरी सुईची शिलाई आहे का. प्रिंट बोटांनी थोडा ताणा. रबरासारखा जाड थर आणि ताणल्यावर लगेच बारीक भेगा, तर पहिल्याच उन्हाळ्यात निघेल. भरतकामाचा लोगो असेल तर उलटून पाहा, मागे लोंबणारे धागे आणि अंगाला टोचणारा कागद नको.

आता ‘एक्सपोर्ट सरप्लस’, म्हणजे निर्यातीसाठी बनवून उरलेला माल. तिरुपूरहून खरा सरप्लस येतो, त्याचं लेबल बहुतेक वेळा कापलेलं किंवा मार्करने रेघ मारलेलं असतं, साइज अर्धवट असतात, एकाच डिझाइनचे सगळे रंग भेटत नाहीत. जिथे एस पासून डबल एक्सएलपर्यंत सगळं, आठही रंगांत, वर चकचकीत लेबलसकट, तो सरप्लस नाही. तो सरप्लसच्या नावाने बनवलेला माल. आमच्या उल्हासनगरच्या नातेवाइकांचा जुना विनोद आहे, ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. आम्हीच सांगतो आणि आम्हीच हसतो.

दोन गैरसमज रोज ऐकतो. लोगोत दोन घोडेस्वार असलेला यूएस पोलो असोसिएशन हा राल्फ लॉरेनची डुप्लिकेट नाही, वेगळा ब्रँड आहे. राल्फ लॉरेनचा घोडेस्वार एकटा असतो. आणि लिव्हाइजच्या मागच्या खिशावरच्या लाल पट्टीवर कधी कधी नाव नसतं, फक्त गोलातला आर असतो. तो खऱ्यातही येतो. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका, भांडायचं तर शिलाईवरून भांडा.

अनुजा_धरमपेठ

सगळं वाचलं, शिकायला मिळालं, पण माझा मुद्दा राहतोच. अडीच हजारांत कॅम्पस, स्पार्क्स, रेड टेप, बाटाचा पॉवर, सेलमध्ये असेल तर प्यूमासुद्धा येतो. बिल आहे, सोल सुटला तर जाऊन भांडता येतं. एवढी पिळापिळी आणि कार्ड घुसवाघुसवी करून शेवटी मिळणार काय, तर दुसऱ्याचा लोगो. अडीच हजारांतले हजार लोगोलाच जात असतील तर बुटात किती उरले?

ऋग्वेद_आर

अनुजाताई, हिशेब बरोबर आहे. फक्त अठरा वर्षांच्या मुलाला तो पटत नाही.

अनुजा_धरमपेठ

म्हणून मोठ्या भावाला सांगून राहिले.

निखिल_मनीषनगर

काल भावाला घेऊन बर्डीवर गेलो होतो. मेट्रोतून उतरेपर्यंत त्याला पाताबा, पीळ, कार्ड सगळं समजावलं. त्याची आधी चिडचिड, मग त्यालाच मजा यायला लागली. पाहिलेलं लिहितो, रिपेरवाले भाऊ, तुम्ही निवाडा करा.

पहिला, बेचाळीसशेवाला ‘यूए’. खोकं जबरदस्त, आत कागद, जादा नाड्या, टॅगवर कोड बरोबर. पाताबा पूर्ण चिकटवलेला, काढू दिला नाही. पिळल्यावर मध्ये दुमडला.

दुसरा, अठराशेचा. खोकं दुसऱ्याच मॉडेलचं. पाताबा निघाला, खाली कापड आणि गोल शिलाई. आतून कडेला दोरा लागतो. टाच कडक. पण डावा-उजवा स्वूश दोन-तीन मिलिमीटर खालीवर. कार्ड कुठे घुसलं नाही.

तिसरा अकराशेचा, सोल चकाकतं, बादलीचा वास. तिथे थांबलोच नाही.

चौथ्या ठिकाणी बिना लोगोचे साधे पांढरे-काळे, कट तोच, तेराशे. पाताब्याखाली शिलाई, सोल रबरसारखं, बिल देतो म्हणाला.

रिपेरवाला_महाल

बेचाळीसशेत खोकं भेटून राहिलं तुम्हाला, बूट नाही. ज्याने पाताबा काढू दिला नाही त्याला माहीत आहे खाली काय आहे.

अठराशेवाला कामाचा आहे. स्वूश खालीवर आहे म्हणजे अप्पर शिवणाऱ्याने मार्किंग नीट केलं नाही, त्याने बूट फाटत नाही. पण भावाचा मित्र एक दिवस ते दाखवणार आणि मग तो बूट कपाटात जाणार, हेही धरून चाला. तेराशेचा मला सगळ्यात बरा वाटून राहिला. सोलला नख दाबून पाहिलं का? आणि पायात घालून दुकानात दहा मिनिटं फिरा, संध्याकाळच्या वेळी. दिवसभराने पाय थोडा फुगते, सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावते. कॉपीचा नंबर सहसा फक्त युरोपी राहते आणि एका लॉटचा बेचाळीस दुसऱ्या लॉटच्या बेचाळीसशी जुळत नाही. नंबर वाचून घेऊ नका.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊला काय पाहिजे ते विचारलं का कोणी?

निखिल_मनीषनगर

त्याला अठराशेवाला पाहिजे. स्वूशचं मी त्याला सांगितलं नाही, त्यानेच दाखवलं. म्हणते, ‘चालते, पँट खाली येते.’ घेतला. उरलेल्या सातशेत हुडी बसत नाही, म्हणून टी-शर्ट घ्यायला किशोरभाऊ तुमच्याकडे येऊ म्हणतो. वजनकाटा सोबत आणू का?

किशोर_जरीपटका

काटा आमच्याकडे आहे. या.

मयूर_सदर

इन्स्टावरून घेणाऱ्यांसाठी थोडं. कंपनीचे स्टुडिओ फोटो पाठवले तर समजा माल अजून त्याच्याकडेही नाही. नैसर्गिक उजेडातला व्हिडिओ मागा, त्यात कागदावर तुमचं नाव लिहून बुटाशेजारी ठेवलेलं पाहिजे. पाताबा काढून, सोल उलटा करून, टाच मागून. कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे सुरक्षित असं नाही, कुरिअरवाला पैसे घेतल्याशिवाय डबा उघडू देत नाही. ओपन बॉक्स डिलिव्हरी, म्हणजे डबा उघडून पाहू देणारी, असेल तरच अर्थ आहे. ‘अनबॉक्सिंग व्हिडिओ असेल तरच बदलून देऊ’ असं सगळे लिहितात. व्हिडिओ काढा, पण लेबलसकट बंद डबा दिसण्यापासून, मध्ये न तोडता. तरी बदलून देतीलच असं नाही. आगाऊ यूपीआय मागणाऱ्याला ‘आधी निम्मे’ असा तोडगाही देऊ नका.

कल्याणी_एन

विषयाला धरूनच विचारते. माझे जाड सोलचे बूट दीड-दोन वर्षं कपाटात होते, जेमतेम वापरलेले. परवा काढले तर सोलचा चुरा होऊन हातात आला. सुटला नाही, अक्षरशः चुरा. कॉपी नव्हते, बिल आहे. असं कसं?

रिपेरवाला_महाल

ताई, सोल पीयूचं असणार. पीयूचा फोम हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जाते, घातला नाही तरी. उलट, कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवला तर लवकर. महागड्या बुटातही होते, कॉपीतही होते. ईव्हीएचं असं होत नाही, ते चपटं होते पण चुरा होत नाही.

चुरा झालेल्या सोलवर सुलेशन पकडत नाही, कोणी चिकटवून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. अप्पर चांगलं असेल तर नवं सोल बसवता येते. पण खर्च बुटाच्या किमतीच्या जवळ जाऊ शकते, आधी विचारून घ्या. खालून आणि बाजूने एक एक फोटो टाका, नवं सोल बसते का ते सांगतो. उरलेले बूट पिशवीतून काढून कागदात ठेवा, आणि महिन्यातून एखादेवेळा घालून घरातच फिरा.